बटणावरचं बटण

"फ्रीझरमध्ये कुणीतरी रॉकेल ओतलंय," बाई म्हणाल्या, आणि मग खुर्चीची पाठ हाताने चाचपून खाली बसल्या.

टेबलापलीकडे वहिनी होत्या. त्यांना सगळा परिसर वहिनी म्हणे, कारण त्यांचे दीर त्यांना वहिनी म्हणत आणि दिरांचा आवाज मोठा होता. विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि उलटलेले ट्रक तपासण्यात वहिनींची उमेदीची वर्षं गेली होती. आता त्या स्वतंत्रपणे तपासाची कामं घेत. दीर, म्हणजे भाऊजी, रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना मदत करत. मदत म्हणजे बहुधा चहा करणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं.

बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बेकरीच्या शेजारच्या जुन्या छापखान्यात त्या अन्नपेढी चालवत. ज्यांच्या घरातले डबे रिकामे झालेत त्यांनी बुधवारी यावं आणि भरलेली पिशवी घेऊन जावं. कुणी कारण विचारत नसे. आज बुधवारच होता. सकाळी वाटपासाठी डीप फ्रीझर उघडला, तर आतल्या मटारावर, मासळीवर, कोंबडीवर रॉकेल तरंगत होतं. सगळा माल वाया गेला. रांगेतल्या लोकांना नुसतं पीठमीठ देऊन पाठवावं लागलं.

दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे होत्या. एक बाईंकडे, एक शेजारच्या शिंप्याकडे, म्हणजे मास्तरांकडे, आणि एक माल आणणाऱ्या ड्रायव्हरकडे. ड्रायव्हरचं आणि बाईंचं शनिवारी सगळ्यांसमोर वाजलं होतं. त्याने मागच्या बुधवारी कुणालातरी रांग सोडून पिशवी दिली म्हणून बाई बोलल्या, तर तो उसळून म्हणाला, माझ्याशिवाय कशी चालते पेढी ते बघतोच.

"संध्याकाळी पेढीच्या समितीची बैठक आहे," बाई म्हणाल्या. "त्याला काढून टाकायचं आणि पोलिसांत द्यायचं म्हणतायत. मला ते पटत नाही. तो तोंडाचा फटकळ आहे, पण अन्नाची नासाडी करणारा नाही. आणि नसेलच तो, तर मग कोण, ते मला कळायला हवं. जे निघेल ते निघेल."

वहिनींनी आपलं कार्ड पुढे केलं. बाईंनी त्यावर नजरही न टाकता ते पर्समध्ये ठेवलं.

छापखान्याचं दार मास्तरांनी उघडलं. बारीक अंगाचा, गळ्यात टेप अडकवलेला माणूस. त्यांनी वाटेतलं स्टूल पायाने बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "मी आहे, बाई. पाहुण्यांना आत घेतो."

फ्रीझर मागच्या भिंतीशी होता. त्याला लागूनच पिठाचे उघडे डबे, साखर, तेलाचे कॅन आणि मिठाची पोती. वहिनींनी झाकण उचललं. वासाने भाऊजींनी नाकाला रुमाल लावला, पण वहिनींनी सांगितलं म्हणून आत हात घालून मटाराचं एक पाकीट बाहेर काढलं.

"वीट आहे, वीट," ते म्हणाले. "डोक्यात घातली तर माणूस जायचा."

वहिनींनी पाकीट हलवून पाहिलं. त्यातून आवाज आला नाही. मग मासळीचे खोके पाहिले. त्यांचे पुठ्ठे सुरकुतून बसले होते, चिठ्ठ्या घसरून वाकड्या झाल्या होत्या. वहिनींनी वाकून मिठाचं सगळ्यात खालचं पोतं दाबलं. ते दगडासारखं घट्ट झालं होतं. वरची पोती मऊ होती.

"पिठाच्या डब्यांत काही पडलं का?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, सगळं वास घेऊन तपासलं, फ्रीझर सोडून एक थेंब कुठे नाही.

दाराशेजारी विजेचा बोर्ड होता. नवा कोरा, भोवतीचं सिमेंटही अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. बटणांची एक रांग, आणि टोकाच्या बटणावर शर्टाचं एक छोटं पांढरं बटण चिकटवलेलं. भाऊजींना गंमत वाटली. बटणावर बटण, असं ते पुटपुटले, पण बाई तोवर पुढे गेल्या होत्या.

वहिनींनी बाईंना बोर्डाबद्दल विचारलं. जुना बोर्ड ठिणग्या टाकत होता, म्हणून शनिवारी बदलला, असं त्या म्हणाल्या. आधी फ्रीझरचं बटण मागच्या भिंतीवर वेगळं होतं, आता सगळी एका ओळीत आहेत. संध्याकाळी पंखे-दिवे बंद करून पेढी त्याच बंद करतात.

"आणि ते टोकाचं बटण?"

"ते टेंगळाचं ना? टोकाचं ते फ्रीझरचं, वायरमन सांगून गेलाय. त्याला हात लावायचा नाही. नवीन बोर्डांना देतात वाटतं तसं टेंगूळ. चांगली सोय आहे."

वहिनींनी मान डोलावली आणि त्या शेजारच्या बेकरीकडे निघाल्या.

बेकरीवाली बाई ताज्या पावासारखी गरम होती. रोजचा उरलेला पाव ती पेढीला देई आणि तेवढ्याच नियमाने पेढीबद्दल तक्रारी करी. रांग माझ्या दारासमोर लागते, गिऱ्हाईक आत येत नाही, असं तिने ऐकवलं. किल्ली तिच्याकडे कधीच नव्हती. "आणि सोमवारी काय, तर सकाळी सकाळी माझी पायरी ओली. यांच्या दाराखालून पाणी आलेलं. रविवारी पेढी बंद, मग सोमवारी उजाडता फरशी धुवायची काय गरज? मास्तरांनी मागच्या दोरीवर पोतीही वाळत घातली होती. मी पाय घसरून पडले असते म्हणजे?"

रॉकेल कुणी टाकलं असेल, या प्रश्नावर तिने खांदे उडवले. असली तेलं गाडीवाल्यांकडेच असतात, एवढंच म्हणाली.

भाऊजींनी वहिनींकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

ड्रायव्हर गाडी पुसत होता. त्याने आधी उत्तरं द्यायचंच नाकारलं. मग वहिनी गाडीच्या पायरीवर निवांत बसल्या, तेव्हा हळूहळू बोलू लागला. गाडी पेट्रोलवर चालते, रॉकेल मी कशाला बाळगू, असं त्याने विचारलं. शनिवारी रागाच्या भरात बोललो ते खरं, पण राग बाईंच्या बोलण्याचा नव्हता.

"मग कशाचा?"

तो थोडा वेळ फडकं पिळत राहिला. "इतकी वर्षं माल वाहतोय. त्याच्या आदल्या दिवशी रस्त्यात बाई समोरून आल्या. मी हसलो, हात वर केला. त्या शेजारून निघून गेल्या, ओळखसुद्धा दाखवली नाही. आज सकाळी मी दारात उभा होतो, तर पुन्हा तेच. मी कुणी नाहीच का?"

शेवटी मास्तर. दुकानात ते शिवणयंत्राचा खालचा भाग उघडून बसले होते. हातातल्या चिंधीला रॉकेलचा वास येत होता. जुनी मशीन रॉकेलनेच साफ होते, असं ते न विचारता म्हणाले. सोमवारच्या पाण्याबद्दल विचारल्यावर, फरशी घाण झाली होती म्हणून धुतली, एवढंच सांगितलं. ड्रायव्हरचं नाव निघताच मात्र त्यांनी मान वर केली.

"त्याने नाही केलं. समितीला तेवढं सांगा."

"कशावरून?"

"नाही केलं त्याने," मास्तर पुन्हा म्हणाले आणि चिंधीची घडी करत बसले.

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "मास्तरांनीच केलं, दिसतंच आहे. पण त्यांचं बाईंशी वाकडं काय आहे?"

"काहीच वाकडं नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर रॉकेल ओतलं."

बैठकीला अजून वेळ होता. वहिनींनी बाईंना आणि मास्तरांना पेढीतच बसवलं आणि दार लावून घेतलं. भाऊजी मिठाच्या पोत्यावर बसले.

"बाई, काम तुम्ही दिलंय, म्हणून उत्तरही आधी तुम्हालाच. ते ऐकून तुम्हाला त्रास होईल."

"शाळा चालवली आहे मी," बाई म्हणाल्या. "बोला."

"ज्याला पेढी बुडवायची आहे तो उघडं पीठ सोडून फ्रीझरचं जड झाकण कशाला उचलेल? रॉकेल नेमकं फ्रीझरमध्येच पडलं. तेव्हा मी आधी फ्रीझरकडे पाहिलं. गोठवलेले मटार सुटे असतात, पाकीट हलवलं की वाजतात. हे एकच ढेकूळ झाले होते. खोके भिजून पुन्हा सुकले होते. शेजारचं मीठ तळाशी भिजून घट्ट झालं होतं. म्हणजे फ्रीझर मध्येच बंद पडला, सगळं वितळलं, पाणी बाहेर आलं, आणि नंतर तो पुन्हा चालू झाला. सोमवारी सकाळी बेकरीची पायरी ओली होती, म्हणजे हे शनिवारी संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढ्यात घडलं. आणि रॉकेल बर्फावर तरंगत होतं, म्हणजे ते माल पुन्हा गोठल्यावर पडलं."

"वितळलेली मासळी," भाऊजी सावकाश म्हणाले, "आणि परत गोठवलेली."

"वरून अगदी चांगली दिसणारी. आज ती वाटली गेली असती तर घराघरांतून माणसं आजारी पडली असती. ती कुणी खाऊ नये म्हणून रॉकेल ओतलं. मालावर कुणाचा राग नव्हता."

बाई पुढे वाकल्या. "पण फ्रीझर बंद कसा पडला? वीज गेली नव्हती."

वहिनी बोर्डाकडे वळल्या. "बाई, त्या टोकाच्या बटणावर काय आहे?"

"टेंगूळ आहे."

"शर्टाचं बटण आहे ते. पांढरं, चार भोकांचं. भाऊजींनी लांबून ओळखलं. डोळ्यांनी पाहणारा कुणीही त्याला बटणच म्हणेल. बोटांनी पाहणारा टेंगूळ म्हणेल."

बाईंचे हात मांडीवर एकदम स्थिर झाले.

"तुम्ही माझ्याकडे खुर्ची चाचपून बसलात. कार्ड वाचलं नाहीत. ड्रायव्हर रस्त्यात हात करत होता, तुम्ही पुढे गेलात, आणि तो मनात कुढत राहिला. जुन्या बोर्डावर तुमची बोटं चुकत नव्हती. नवा बोर्ड आला, बटणांचा क्रम बदलला. शनिवारी तुम्ही पंखे बंद केले, आणि त्याबरोबर..."

"फ्रीझर," बाई म्हणाल्या.

मग मास्तर बोलू लागले, जमिनीकडे बघत.

शनिवारी ते दुपारीच बहिणीकडे गेले होते, हे बाईंना माहीत होतं. सोमवारी दार उघडलं तर फ्रीझरखाली तळं. त्यांनी बटण दाबलं, पाणी पुसलं, पोती टाकून फरशी टिपली. मग दुकानातून एक बटण आणून तिथे चिकटवलं, पुन्हा असं होऊ नये म्हणून. मंगळवारी झाकण उघडलं तर सगळा माल कडक झालेला. कुणाला शंकासुद्धा आली नसती.

"मला बोलवेना," ते म्हणाले. "आणि गप्पही बसवेना. ते शिजवून लेकरांना घातलं असतं लोकांनी."

भाऊजींना राहवलं नाही. फ्रीझर माझ्या हातून बंद झाला, असं का नाही सांगितलंत, त्यांनी विचारलं.

"मी नव्हतोच इथे. बटणाचा विषय निघाला असता तर बाईंनी तिथल्या तिथे ताडलं असतं, आपल्याच हातून झालं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी किल्ली समितीपुढे ठेवली असती. म्हणून बाहेरच्या कुणाचातरी खोडसाळपणा वाटावा असं केलं. ड्रायव्हरवर येईल हे डोक्यातच आलं नाही. आज संध्याकाळी मी कबूल करणार होतो. रागाने केलं म्हणून."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"तुमच्यासाठी शिवलेला तो कोट तुम्ही वाखाणलात ना, तेव्हापासून. त्याला मी चुकून दोन रंगांची बटणं लावली होती. पूर्वी तुम्ही एका टाक्यावरून माझी हजेरी घ्यायचात."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. डॉक्टरांना दाखवलंय, त्या म्हणाल्या. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. लोकांना कळलं की हाताला धरून घरी बसवतील, या भीतीने त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मास्तर, तुम्ही माझं झाकायला गेलात आणि एका गरिबाच्या घरावर गुन्ह्याचा शिक्का बसायची वेळ आली. हे चुकलं."

"चुकलं," मास्तर म्हणाले.

"त्याआधी माझं चुकलं. मी सांगितलं असतं तर तुमच्यावर ही पाळी आली नसती." त्या उठल्या. "समितीला मीच सांगेन. संध्याकाळी बोर्डाला हात दुसऱ्या कुणाचातरी लागेल. किल्ली घ्यायची तर घेऊ देत, पण बुधवारी दारात बसून लोकांशी बोलायला मला डोळे लागत नाहीत, हेही सांगेन. पण आधी ड्रायव्हरचं घर."

भाऊजी घाईने पोत्यावरून उठले. गाडी बोलावू का, असं त्यांनी विचारलं. बाई नको म्हणाल्या. घर लांब नव्हतं. दाराबाहेर आल्यावर त्या क्षणभर थांबल्या, मग त्यांनी मास्तरांच्या दंडाला धरलं. बेकरीवाली दारातून बघत राहिली. बाईंनी हात काढला नाही.

ड्रायव्हर आतल्या खोलीत होता. दार त्याच्या बायकोने उघडलं. नवऱ्यावर आळ आल्याचं तिला सकाळपासून ऐकावं लागलं होतं. ती वाट अडवून तशीच उभी राहिली.

"समोर कोण आहे?" बाईंनी विचारलं. "मी पेढीतली बाई. मला दिसत नाही हो नीट. तुमच्या घरची माफी मागायला आलेय, पण उंबरा कुठे आहे ते सांगा."

ड्रायव्हरची बायको क्षणभर मास्तरांकडे बघत राहिली. मग पुढे आली आणि तिने बाईंचा दुसरा हात धरला.

"जरा उंच आहे," ती म्हणाली. "पाय वर घ्या. हां. या आत."