गार कूलरचं गरम कोडं

"गेला! परत गेला!" यशोधन एवढ्या जोरात ओरडला की वाचनालयातली सगळी डोकी वर झाली.

कॉम्प्युटरचा पडदा काळा ठिक्कर पडला होता. मनवाने घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'नऊ मिनिटं.'

"लिहितेस काय? रड आता!"

"रडून चालू होणार असेल तर तू सुरुवात कर, मी येतेच मागून," मनवा म्हणाली.

लालबागच्या त्यांच्या चाळीत तळमजल्यावर हे वाचनालय होतं आणि त्यात हा एकच कॉम्प्युटर. सातवीची परीक्षा संपल्यापासून मनवा, यशोधन आणि त्याची धाकटी बहीण जुई यांनी त्यावर दोन मिनिटांचा कार्टूनपट बनवला होता, 'कावळ्यांची शाळा'. शेवटचं काम तेवढं उरलं होतं. सगळी चित्रं रंग-सावल्यांसकट तयार करून जोडायची. ते कॉम्प्युटरच करणार होता, पण त्यासाठी त्याला सलग दोन तास राबावं लागणार होतं. आणि स्पर्धेची मुदत आज पाच वाजता संपत होती!

"झालं समाधान?" वाचनालयाचे चिटणीस कमलाकांतकाका दारातूनच कडाडले. "नवा कूलर बसवला तरी बंद पडतो, म्हणजे तुमचेच काहीतरी उद्योग आहेत. आजपासून मुलांना कॉम्प्युटर बंद!"

कॉम्प्युटरचा प्रोसेसर काम करताना तापतो. त्याला गार ठेवायला मदरबोर्डवर, थेट त्याच्या डोक्यावर, धातूच्या पात्यांचा एक ठोकळा आणि पंखा बसवतात. तोच कूलर. कंपनीने दिलेला मूळ कूलर तळहाताएवढा होता. गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडू लागला, तेव्हा काकांचा पुतण्या सिद्धार्थ म्हणाला, "कंपनीचे कूलर नुसते नावाला असतात!" आणि त्याने बाजारातून वीतभर उंच कूलर आणून बसवला. तो एवढा उंच की कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकणच लागेना. "राहू दे उघडं, हवा खाईल," असं म्हणून सिद्धार्थ निघून गेला होता.

"काका, जुन्या कूलरवर कॉम्प्युटर वीस मिनिटं चालायचा," मनवाने वही पुढे केली. "नव्यावर फक्त नऊ. असं कसं?"

काकांनी वही पाहिली. "अर्धा तास देतो. मग उठायचं."

यशोधनने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि कूलरच्या पात्यांना हळूच बोट लावलं.

"अरेच्चा! जेमतेम कोमट आहे!"

"पण बंद पडताना पडद्यावर प्रोसेसरचं तापमान नव्याण्णव होतं," मनवा म्हणाली. "चुलीवर आग आणि वरचा तवा गार? मध्ये काहीतरी अडकलंय!"

जुईने कपाटातून नव्या कूलरचा खोका काढला. आतल्या माहितीपत्रकावर एक चित्र होतं. कूलरच्या बुडाला चिकटवलेलं पातळ प्लास्टिक एक हात सोलून काढत होता.

"ते प्लास्टिक सिद्धार्थदादाने टाकून दिलं असेल," यशोधन म्हणाला.

"दादाने? अरे, त्याने स्क्रूची रिकामी पिशवीसुद्धा खोक्यातच ठेवलीय," जुई म्हणाली. "तेवढं प्लास्टिकच कसं नाही?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरळ सांगितलं असतं, तर सिद्धार्थने हसण्यावारी नेलं असतं. मनवाने जुईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि जुई त्याला वरच्या मजल्यावरून बोलावून घेऊन आली.

"दादा," मनवाने साळसूदपणे विचारलं, "कूलरच्या बुडाचं प्लास्टिक सोलून कुठे ठेवलंस रे? आम्हाला प्रोजेक्टला हवंय."

"कुठलं प्लास्टिक?" सिद्धार्थ म्हणाला. मग त्याची नजर माहितीपत्रकावर गेली आणि त्याचे कान लाल झाले.

काकांनी सगळं ऐकलं होतं. "उघड," ते एवढंच म्हणाले.

कूलर निघाला. बुडाला पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'बसवण्याआधी काढा'. प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नीट पोचतच नव्हती!

"झालं की! सोलतो आणि बसवतो परत," सिद्धार्थ घाईघाईने म्हणाला.

"आँक् छी!" डब्यात वाकलेली जुई जोरात शिंकली. तिच्या बोटाला लालसर पूड लागली होती. समोरच मसाल्याचा डंक होता आणि मे महिन्यात तिथे दिवसभर मिरची कुटली जायची. मनवाने खणातून जुना कूलर काढला. त्याच्या पात्यांमध्ये त्याच पुडीचा जाड थर बसला होता.

"हा कमजोर नव्हताच," ती म्हणाली. "याचा श्वास कोंडला होता!"

"पण ताकद नव्याचीच जास्त," सिद्धार्थ म्हणाला.

"हो, जास्त आहे. पण तो बसवला की झाकण उघडं राहणार आणि मिरची थेट आत येणार. मोठा डबा असता तर मीही हाच घेतला असता. आपल्या कामाला जुना पुरतो का, ते तर बघू."

"आणि जुना घरघर करतो, त्याचं काय?"

"करू दे घरघर! यशोधनपेक्षा कमीच करेल," जुई म्हणाली.

काकांनी जुन्या कूलरकडे बोट केलं. "सिद्धार्थ, जुना बसव."

यशोधनने रंगाच्या ब्रशने पातं न् पातं साफ केलं. प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावायची पेस्ट नव्या खोक्यातच होती. सिद्धार्थने निमूटपणे कूलर बसवला, झाकण लावलं. बाराला काम सुरू झालं.

नऊ मिनिटं गेली. वीस गेली. तापमान चढत चढत शहात्तरवर आलं आणि तिथेच थांबलं. कोणी जेवायला हललं नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर 'काम पूर्ण' अशी अक्षरं उमटली.

"हुर्रे!" यशोधनने जुईला उचलून गरकन फिरवलं. पाच मिनिटांत कार्टूनपट स्पर्धेला रवाना झाला.

काकांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं कचेरीत फायली तपासल्या मी. आज मात्र तपासायच्या आधीच निकाल देऊन बसलो. चूक माझी. पोरांनो, शाबास!"

"माझीपण," सिद्धार्थ पुटपुटला.

मनवाने कार्टूनपट पुन्हा उघडला. "काका, बघणार?" तिने विचारलं.

काकांनी खुर्ची ओढली. पडद्यावर कावळ्यांचे गुरुजी फळ्यावर चोच आपटू लागले, आणि कमलाकांतकाका खो-खो हसत सुटले.