सफरचंदावरचे दात

ही गोष्ट कुठून तरी ऐकलेली नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने, ताईने, ती मला तिच्या स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता सांगितली. सांगताना तिचा आवाज चढला नाही, हात थांबला नाही. कोणाला खोटी वाटली तर वाटू दे. मला तशी वाटली असती तर मीही सुखाने झोपले असते.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही.

लख्ख दुपार होती, मंगळवारची. डोंगराच्या कुशीतल्या एका जुन्या किल्ल्याखाली गाड्या लावायची मोकळी जागा होती. तिथे खडी पसरलेली होती आणि पलीकडे मेंढ्या चरत होत्या. माणसांची चांगली वर्दळ होती.

तिथून हे सुरू झालं.

त्याआधी थोडं सांगायला हवं. ताईचा मुलगा, आमचा टिल्लू, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. सात वर्षांचं पोर. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, ताप मेंदूत गेला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं.

ताई रडली नाही. एकदाही नाही.

ती कवळ्या बनवण्याच्या लॅबमध्ये काम करते. तिसऱ्याच आठवड्यात ती कामावर हजर झाली आणि पहिल्यासारखी मेणात एकेक दात बसवू लागली. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटेनासा होतो ना? "सगळं अंगच तसं झालंय बघ," एवढंच ती एकदा मला म्हणाली होती.

भाऊजींचं उलट. ते शाळेत भूगोल शिकवतात. वर्गात नकाशा समोर धरून रडू यायचं, इतके ते खचले होते. टिल्लूचा स्वेटर उशीखाली घेऊन झोपायचे. पण धाकट्या चिऊसाठी त्यांनी कंबर कसली. तिला राजे-राण्यांचं भारी वेड. म्हणून भाड्याची गाडी घेऊन गावागावांतून, शेताशेतांतून किल्ले बघत फिरायचं, असा त्यांनी बेत आखला.

पहिले दोन दिवस बरे गेले. "हा इथला सगळ्यात जुना किल्ला," अशी पाटी प्रत्येक किल्ल्यावर होती आणि प्रत्येक पाटीपुढे भाऊजी चिऊला विचारायचे, "मग कालचा काय राजाने मागच्या रविवारी बांधला?" चिऊ खिदळायची. ताईही हसल्यासारखे ओठ हलवायची.

तिसरा किल्ला मंगळवारचा. आत बघण्यासारखं फार नव्हतं. ओल धरलेल्या खोल्या, एक विहीर, आणि तळात एक भटारखाना. त्याची भली मोठी भट्टी माणूस उभा राहील एवढी होती. तिथे चिऊ ताईच्या मागे लपली.

"काय गं?"

"ते आजोबा कोपऱ्यात का बसलेत?"

कोपऱ्यात कोणीच नव्हतं...

पोरांना काय, काहीही दिसतं. ताईने तिला उचललं आणि बाहेर आणलं. सगळे गाडीत बसले. ताई आणि भाऊजी पुढे, चिऊ मागे खिडकीशी. भाऊजींनी गाडी सुरू केली.

टुंग... टुंग... टुंग...

कोणी बेल्ट लावला नाही की ती गाडी वाजायची. समोरच्या पडद्यावर लाल खूण आली होती. मागची सीट. मधली.

तिथे कोणीही नव्हतं.

"पिशवी ठेवलीये का गं मध्ये?" भाऊजींनी विचारलं.

"पिशवी माझ्या पायाशी आहे."

भाऊजी उतरले. सीटवर हात फिरवून बघितला, दाबून बघितली. "गार लागतेय," म्हणाले. मग वैतागून त्यांनी रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि अडकवला.

आवाज थांबला.

"बिघडलंय काहीतरी," ते म्हणाले आणि निघाले. पण चिऊ दाराला अगदी चिकटून बसली होती. ताईने मागे वळून सांगितलं, "नीट बस ना, राणी."

"जागाच नाहीये," चिऊ म्हणाली.

भाऊजींनी आरशात पाहिलं. पुढचे काही मैल ते पुन्हा पुन्हा आरशात बघत राहिले. मग ते अगदी हळू म्हणाले, "टिल्लू नेहमी मध्येच बसायचा, नाही?"

ताईला काहीच वाटलं नाही. भीती नाही, आशा नाही. खिडकीबाहेर पिवळी शेतं सरकत होती आणि ती बघत होती.

"अहो, सेन्सर असेल," ती म्हणाली.

"हो. असेल."

दुसऱ्या दिवशी पुढच्या किल्ल्यावर चिऊने सफरचंदाचा एक घास घेतला आणि बाकीचं मधल्या सीटवर ठेवून दिलं. भाऊजींनी गाडी कुलूपबंद केली आणि किल्ली खिशात टाकली. वर बुरूज बघून, फोटो काढून दीड-दोन तासांनी ते खाली आले.

सफरचंद तिथेच होतं.

चिऊच्या घासाची जागा तांबूस पडली होती. आणि तिच्या शेजारी आणखी एक घास...

पांढराशुभ्र. ओला. आत्ताच घेतलेला.

भाऊजींनी ते दोन्ही हातांत धरलं. "अगं, तुला दात कळतात," ते म्हणाले. "तू बघ. त्याचेच आहेत ना? बघ ना!"

ताईने सफरचंद घेतलं आणि उजेडाकडे धरलं.

टिल्लूचे दात तिला पाठ होते. वरचे पुढचे दोन नुकतेच आले होते. नव्या दातांना असते तशी करवतीसारखी बारीक कड होती, आणि मध्ये फट. तो बिस्किट चावायचा तेव्हा बिस्किटावर मधोमध एक बारीक कणा राहायचा.

इथे कणा नव्हता.

कमान रुंद होती. मोठ्या माणसाची. आणि दात... सपाट. सगळेच्या सगळे जवळजवळ हिरड्यांपर्यंत घासलेले. एवढी वर्षं तिच्या हाताखालून किती जबडे गेले, पण असे दात तिने एकदाही पाहिले नव्हते. फक्त शिकत असताना मास्तरांनी फोटो दाखवले होते. जुन्या कबरींतून निघालेले जबडे. जात्याच्या दगडाची कच पिठात मिसळायची, तेच पीठ जन्मभर खाऊन झिजलेले.

आता असे दात कोणाचे नसतात.

तिने मान वर केली. भाऊजी तिच्याकडे बघत होते. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रक्त होतं. पहिल्यांदा ते जिवंत माणसासारखे दिसत होते.

"त्याचेच," ताई म्हणाली.

भाऊजी तिथेच खडीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. मग उठले, डोळे पुसले आणि मधल्या सीटचा बेल्ट स्वतःच्या हाताने लावला. सावकाश, पोटाला काचू नये असा.

"बरोबर बसलाय ना, टिल्लू?"

चिऊने आईचा हात घट्ट धरला. "आई," ती कुजबुजली, "हा दादा नाहीये."

"माहितीये," ताई म्हणाली. "बाबांना सांगू नकोस."

त्यानंतर भाऊजींचा नूरच पालटला. गाणी काय, कोडी काय! दर किल्ल्यापाशी मागचं दार उघडायचं, पोर उतरेल एवढा वेळ थांबायचं, मग दार लावायचं. एके ठिकाणी ते पुढे निघाले आणि वळून दोनदा हाक मारली, "टिल्लू! टिल्लू, चल रे!"

मागे खडी वाजली...

"ऐकलंस? धावतोय!" भाऊजी हसून म्हणाले.

ताईनेही ऐकलं होतं. कोणी धावत नव्हतं. एक पाय पडत होता, दुसरा मागून फरफटत येत होता. जड माणसाचा. पहिल्या हाकेला तो जागचा हलला नव्हता. दुसऱ्यांदा 'टिल्लू' म्हटल्यावर निघाला. जणू नाव आपलंच आहे का, हे त्याने आधी नीट ऐकून घेतलं.

तिने मनाशी ठरवलं, गाडी परत केली की प्रश्न मिटला. जे काही आहे ते गाडीत आहे. गाडी त्यांची, भूत त्यांचं.

शेवटच्या दिवशी भाऊजींनी किल्ली दिली, बॅगा काढल्या. चिऊ आधीच लांब जाऊन उभी राहिली होती. मग भाऊजी मागच्या दारापाशी गेले आणि वाकून बेल्ट सोडू लागले.

ताईला कळलं, बोलायचं तर आत्ताच. अहो, ते दात त्याचे नव्हते. एवढं एक वाक्य. पण ते बोलली असती तर टिल्लू पुन्हा गेला असता, आणि या वेळी तिच्या तोंडून. तिने जीभ उचलायचा प्रयत्न केला. उचलली नाही. आत सगळं नेहमीसारखं बधिर होतं.

"उतर रे राजा," भाऊजी म्हणाले. "घरी जायचंय."

गाडी किंचित वर उचलली गेली. कोणी जड माणूस उतरल्यावर उचलली जाते तशी...

एवढं सांगून ताईने पुसलेली भांडी फळीवर लावली. बाहेरच्या खोलीत भाऊजी कोणाला तरी नकाशा समजावून सांगत होते. मध्येच थांबायचे, हसायचे, पुढे सांगायचे. त्यांची तब्येत सुधारली होती. चांगले भरलेले दिसत होते.

"ताई, त्यांना खरं सांग," मी म्हटलं. "चिऊचा तरी विचार कर."

"चिऊला तू घेऊन जा. आजच." तिने फडकं घडी घालून ठेवलं. "परवा मला हाक आली. मी न्हाणीघरात कपडे पिळत होते. मागून कोणीतरी म्हणालं... आई."

"टिल्लूचा आवाज?"

"नाही गं. म्हाताऱ्या पुरुषाचा. घोगरा. शब्द नवा शिकल्यासारखा म्हणाला. दोनदा म्हणून बघितला."

"मग? तू काय केलंस?"

ताई माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"काय करणार," ती म्हणाली. "ओ दिली."

चिऊ आता माझ्याकडेच असते. ताईचा फोन येतो, ती दोघंही बरी आहेत म्हणते. तिच्या घरी जायचं मात्र मला अजून जमलेलं नाही.