तलावावरची धाकटी

प्रताप नगरात इंदुताईंच्या घरी वरच्या मजल्यावर भावना मेश्राम एकटीच राहायची. तिचं काम लोकांना समजावून सांगणं कठीण होतं. मोबाईलवरच्या एका गेममधलं राज्य, त्याचा जुना इतिहास सहा-सात लेखकांनी आपापल्या मनानं लिहून ठेवलेला. एकाचा राजा रणात पडलेला, दुसऱ्याचा म्हातारा होऊन अंथरुणात गेलेला. भावनानं एक ठेवायचं, दुसरं काढायचं. ऑफिस बंद होऊन सगळे घरून काम करू लागल्यापासून दिवसभर कुलरचाच काय तो आवाज.

मे महिन्यात ती राजाच्या मुलींपर्यंत आली. सगळीकडे मुली दोन. एकाच कथेत तिसरी, धाकटी. तिला नाव नव्हतं, लग्न नव्हतं, मरणही नव्हतं. भावनानं तिला काढून टाकलं.

थोड्याच दिवसांत खेळणाऱ्यांच्या तक्रारी आल्या. राजवाड्यामागच्या तलावाच्या पायऱ्यांवर एक मुलगी पाठमोरी बसलेली असते. हलत नाही, बोलत नाही.

तिनं प्रोग्रामर रजतला फोन लावला.

"तलावावर कोणाले बसवलं तू?"

"कोणालेच नाही. तिथं कॅरेक्टरच नाही आहे," जरीपटक्यातल्या आपल्या घरून रजत म्हणाला. "पूर्ण चेक केलं मी. मले तर दिसतही नाही."

"मग लोक खोटं बोलून राहिले का?"

"तूच पाहून घे ना एकदा."

तिनं पाहिलं. मुलगी होती. अनवाणी, केस मोकळे. भावना जवळ गेली तशी पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली.

"मंग मी कुठं राहू वं?"

गेममधली सगळी पात्रं पुस्तकी मराठी बोलायची. हे वाक्य कोणी लिहिलेलं नव्हतं. रजतचीच मस्करी, असं ठरवून तिनं मोबाईल ठेवला.

पण दुसऱ्या दुपारी ती पुन्हा तलावावर गेली. मग रोजच. समोर ताट घ्यायचं, मोबाईल तांब्याला टेकवायचा आणि त्या पाठीकडे बघत जेवायचं. भाजीत मीठ जास्त झालं, हेही ती सांगायची. अक्षरं पुन्हा उमटली नाहीत. तरी ताट रिकामं व्हायचं.

मग कंपनीचा निरोप आला: ती मुलगी काढा, लोक घाबरतात.

दुसऱ्यांदा खोडायला तिचा हात धजेना. बराच वेळ बसून तिनं इतिहासात एक ओळ घातली: धाकटीनं राज्य सोडलं आणि जिथं एकटं माणूस होतं तिथं ती राहायला गेली.

पायऱ्या रिकाम्या झाल्या. तक्रारी थांबल्या. भावनाला मात्र त्या दुपारी घास उतरेना.

तेवढ्यात खालून इंदुताईंची हाक आली.

"भावना, अवं तुझ्या बहिणीले आत घे ना! एवढ्या उन्हात जिन्यावर बसून राहिली. काहून, भांडल्या का दोघी?"

भावनाला बहीण नव्हती.

तिनं दार उघडलं. जिना रिकामा. कठड्याला हात लागताच चटका बसला. ती अनवाणीच, पाय उचलत उतरू लागली.

मध्येच थांबली.

ती एक पायरी गार होती. माठाच्या बुडासारखी.

इंदुताई अंगणातून वर बघत होत्या. त्यांना काही विचारावं, असं भावनाच्या मनात आलं. पण ती पायरीच्या एका कडेला हळूच बसली.

"हां, असं," इंदुताई म्हणाल्या. "आता दोघी वर जाऊन जेवून घ्या."

त्यांनी खालचं दार लावून घेतलं.

भावना, मान न वळवता, अजून थोडी कडेला सरकली.