चुकीच्या बाजूने मोजलेली रांग

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिला करवतीचा आवाज आला. ती बागेत पोचली तेव्हा अकरा नासपतींचे शेंडे जमिनीवर पडले होते आणि एक अनोळखी माणूस बाराव्या झाडाला शिडी लावत होता.

"उतरा खाली," ती म्हणाली.

तो उतरला. शेजारच्या काकांनी त्याला जुन्या झाडांवर नवी कलमं बांधायला बोलावलं होतं. 'रस्त्याकडून सहावी रांग' एवढंच सांगितलं होतं. हा कालव्याच्या अंगाने आला आणि तिथूनच मोजत सुटला. मधलं कुंपण केव्हाच पडलेलं, त्यामुळे दोन बागा एकच दिसत होत्या.

"चूक माझी," तो म्हणाला. "अकराही झाडांवर कलमं बांधून देतो. ती जगेपर्यंत येत राहीन."

"आणि नाही जगली तर?"

"तर... येतच राहीन."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस ओशाळला होता, पण नजर चुकवत नव्हता.

ती नर्स होती. वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन आली होती. आई गेल्यापासून नऊ वर्षं हे शेत पडीक होतं आणि बाबा शहरात थोरल्या भावाकडे राहत होते. दादाला इथे गोदाम बांधायचं होतं, हिला शेत पुन्हा उभं करायचं होतं. बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि तिला म्हणाले, "एक वर्ष घे. वर्षाने मी येईन, बघेन आणि ठरवीन. मधे बोलावू नकोस." त्या वर्षाचे नऊ दिवस संपले होते आणि आईने लावलेली सगळ्यात चांगली झाडं बोडकी झाली होती.

कलमं बांधायला पंधरा दिवस लागले. तो बुंध्याला चीर द्यायचा, काडी बसवायचा. ती वरून पट्टी गुंडाळायची.

"हात सफाईदार आहे तुमचा, सिस्टर."

"सिस्टर म्हणू नका."

"का? दवाखान्यात सगळे म्हणतातच की."

"तिथे म्हणू देत. तुम्ही म्हणालात तर पुढे अडचण होईल."

त्याच्या हातातली काडी खाली पडली. ती वाकली, काडी उचलून त्याला दिली आणि पुढच्या झाडाकडे गेली.

एप्रिलमध्ये सात झाडांना कोंब आले. चार कोरडी राहिली. तोवर दोघांनी विहिरीतला गाळ काढला होता, घराची कौलं चाळली होती. कुंपण घालताना काका काठीला टेकून बघत उभे राहिले.

"मी बोलावलेला माणूस," ते म्हणाले. "माझ्या झाडांना पाठ दाखवून इकडे खांब पुरतोय. अरे, माझ्याकडचं कधी बघणार?"

"तुमची कलमं लागली की काका, सगळी."

"लागणारच. तिथे तुझं लक्ष कामात होतं."

ऑगस्टमध्ये उरलेल्या चार झाडांवर डोळे भरायचे ठरले. काडीऐवजी सालीखाली एकच डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, बसवायचा आणि घट्ट बांधायचा. दुसऱ्या झाडापाशी असताना बारीक पाऊस आला. तो पट्टीचं टोक शोधत होता, तिचं बोट डोळ्यावर दाबलेलं होतं... आणि तिच्या मनगटावरून पाणी त्याच्या बाहीत उतरत होतं.

"दाबून धरा. सोडू नका."

"किती वेळ?"

"जमेल तितका."

"मला जन्मभर जमेल," ती म्हणाली. "तुमचं बोला."

त्याने पट्टीचं टोक शोधून काढलं. मग म्हणाला, "मी एका गावात एका हंगामापेक्षा जास्त कधी राहिलेलो नाही..."

"हे उत्तर नाही."

"इथे हा तिसरा हंगाम चाललाय. हे उत्तर आहे."

महिन्याभराने नोंदणी कार्यालयात लग्न झालं. बाबांनी साक्षीदाराची सही केली, जावयाचा हात हातात घेतला आणि शेताबद्दल एक अक्षर न विचारता पुढच्या गाडीने परत गेले. उरलेल्या दोन झाडांवर या दोघांनी लग्नाच्या आदल्या दिवशीच डोळे भरले होते... एका दुपारी, हसत-खिदळत, एकमेकांकडे बघत. दोन्ही वाळले.

फेब्रुवारीत, ठरल्याप्रमाणे, रविवारी सकाळी बाबा आले. तिला चौथा महिना लागला होता. त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं, छत पाहिलं, आणि मग एकटेच रांगेतून दोनदा फिरले. ती ओसरीवर बसून होती. नवरा शेजारी बसला.

"घाबरलीस?"

"नाही. नऊ झाडं उभी आहेत. तू?"

"मी उरलेल्या दोनांचा विचार करतोय."

बाबा आले ते तेच विचारत. "ही दोन का गेली?"

तिने तोंड उघडलं, पण तो आधी बोलला. "घाईत बांधली, बाबा. लग्नाचा आदला दिवस होता. माझं लक्ष झाडावर नव्हतं."

"मग कुठे होतं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. बाबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, घसा खाकरला आणि पाणी मागितलं.

"काय ठरवलंत, बाबा?" तिने तांब्या देताना विचारलं.

"सांगतो."

त्यांची परतीची गाडी संध्याकाळी साडेपाचला होती. साडेपाचला ते विहिरीच्या काठावर बसून जावयाकडून सुरीला धार कशी लावायची ते ऐकत होते. सोमवारीही गेले नाहीत.

मंगळवारी दुपारी सासरा-जावई डोळे वाळलेल्या त्या दोन झाडांवर नव्या काड्या बांधायला बसले. या वेळी पट्टीचं एक टोक बाबांनी धरलं होतं. तिच्या हातातला फोन वाजला. दादाचा होता, सकाळपासून तिसरा.

"बाबा, दादा विचारतोय, काय ठरलं म्हणून."

"सांग त्याला, हात मोकळे नाहीत," ते मान वर न करता म्हणाले. मग जावयाला म्हणाले, "घट्ट ओढ रे. आणि माझ्याकडे बघू नकोस, झाडाकडे बघ."

जमिनीबद्दल त्यांनी अजून एक शब्दही काढलेला नाही.