मागच्या रांगेतल्या खुर्च्या

बसा. वीज येईपर्यंत तुमचं काम तसंही होणार नाही. हा बॅटरीचा दिवा जरा जवळ घ्या. मघाशी तुम्ही विचारलंत, घरातल्या चित्रफितींसाठी असा सर्व्हर बसवून घेतला तर त्यात चेहरे ओळखायची सोय असते का. असते. पण मी ती बंद करून देतो. गिऱ्हाईक कितीही भांडलं तरी. का, ते सांगतो.

एनो पोकुआचं घर ताफोमध्ये, चर्चच्या मागच्या उतारावर. काम सांगितलं होतं तिच्या मुलीनं, अफ्राकोमानं. ती हॅम्बुर्गला इस्पितळात नोकरी करते. फोनवर म्हणाली, “बोआहेनदादा, आईच्या कपाटात कॅसेटी आहेत, सीड्या आहेत, जुने फोन आहेत. सगळ्याला बुरशी चढलीय. ते सगळं एका डब्यात भर. आईला टीव्हीवर बघता आलं पाहिजे आणि मला इथून.”

काम मोठं नव्हतं. एक जुना कॉम्प्युटर, दोन हार्ड डिस्क, घरातलं वाय-फाय, आणि वीज गेली तर तग धरायला बॅटरी. खरा वेळ खातात त्या कॅसेटी. एकेक पुसायची, चालवायची, डब्यात उतरवायची, तिला नाव द्यायचं. मी गेलो तेव्हा हरमॅटनचा कोरडा वारा ऐन भरात होता. भरदुपारी समोरचं घर धुळीत दिसेनासं झालं होतं. ओठ फुटलेले, घसा कोरडा, आणि त्या बंद खोलीत फितींचा आंबूस वास.

आमच्या घरांत लग्नाच्या फिती असतात त्याच्या चौपट अंत्यविधीच्या असतात, हे तुम्हाला काय सांगायचं! मांडव, लाल-काळी वस्त्रं, कर्णे, आणि कॅमेरावाल्याशिवाय तर माणूस मेला असं कुणी मानायलाच तयार नसतं. एनोच्या कपाटातल्या निम्म्या फिती मीच काढलेल्या होत्या. तेव्हा मी हाच धंदा करायचो. ताफोत अजून मला कॅमेरा बोआहेनच म्हणतात.

एनो वेताच्या खुर्चीत बसून माझ्यावर डोळा ठेवून असायची.

“काय रे, पोट भरलं की नाही तुझ्या डब्याचं?”

“खातोय, एनो. तुमच्या घरात मेलेल्यांची गर्दीच फार.”

“मेलेल्यांना काय घाई आहे? आधी माझा आसारे भर.”

आसारे तिचा शेंडेफळ मुलगा. गॅरेजात मोटारी दुरुस्त करायचा. चार वर्षांपूर्वी मित्रांबरोबर उत्तरेला गेला. वाळवंट ओलांडून लिबिया, तिथून बोटीनं पलीकडे. लिबियाच्या किनाऱ्यावरून त्याचा एक फोन आला होता. त्यानंतर काही नाही. ज्यातलं एखादं पोर असं गेलेलं नाही, असं घर आमच्या गल्लीत शोधून सापडायचं नाही.

एनोचा धाकटा भाऊ, म्हणजे आसारेचा मामा, वोफा अमोआको, हा कुटुंबाचा प्रमुख. मी काम करत होतो तेव्हा तो आला, खोकत, रुमालानं धूळ पुसत.

“ताई, आता पोराचा विधी उरकायला हवा. असा किती दिवस अधांतरी ठेवणार त्याला?”

“मी त्याला मेलेला पाहिला नाही. तू पाहिलास?”

“समुद्रात गेलेल्याला कोण पाहतं?”

“मग गप बस. मांडवातलं सूप प्यायची इतकी घाई झाली असेल तर माझ्याकडे ये, मी असंच करून वाढते.”

वोफानं कपाळाला हात लावला. जाताना मला दाराबाहेर बोलावून म्हणाला, “कॅमेरा, तू तिला भलता नाद लावतोयस. पडद्यावर पोर हसताना दिसलं की ती त्याला कधी सोडायची? आणि ती सोडत नाही तोवर त्याला तरी कुठे जाता येतंय?” म्हातारा कावेबाज होता, पण त्या दिवशी त्याचे डोळे भरून आले होते.

सगळं डब्यात उतरल्यावर मी ती चेहरे ओळखायची सोय चालू केली. एका फितीत आसारेच्या चेहऱ्याला नाव दिलं. मग यंत्र सगळ्या फिती पालथ्या घालून तो चेहरा जिथे जिथे असेल ते सगळं एकत्र आणतं. एनोसाठी हे करायचं मी आधीच ठरवलं होतं. ती आत डुलकी घेत होती. तिला उठल्या उठल्या मुलगा दाखवावा, एवढाच विचार.

चित्रं एकेक करून वर यायला लागली. बारशातला आसारे, चेहरा आक्रसून रडणारा. शाळेच्या मैदानात गोल चुकवणारा आसारे. मावशीच्या लग्नात नाचणारा. आणि त्याच्या खाली... शिक्षक दान्सो यांचा अंत्यविधी. मी तारीख बघितली. आसारे गेल्यानंतरच्या वर्षीची.

यंत्र चुकतं. मामेभाऊ, चुलतभाऊ, एकाच घराण्याची नाकं. मी हसलो आणि ती फीत उघडली.

मांडवाच्या शेवटच्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर तो बसला होता. सगळे लाल-काळ्या वस्त्रांत, आणि हा त्या उकाड्यात निळं जाड जॅकेट घालून, टोपी डोक्यावर ओढून. मांडीवर पाणी टपकल्यासारखी पँट काळी पडलेली. ही फीत मी स्वतः काढली होती. त्या खुर्चीसमोरून मी कॅमेरा घेऊन चालत गेलो होतो. तिथे कुणी नव्हतं. शपथेवर सांगतो, ती खुर्ची रिकामी होती.

पाहुणे नेहमीप्रमाणे बसलेल्यांशी उजवीकडून डावीकडे हस्तांदोलन करत येत होते. रांग त्याच्यापर्यंत आली. त्यानं हात पुढे केला. आलेल्या माणसानं त्याच्या शेजारच्याचा हात धरला आणि पुढे गेला. मागचाही. त्याच्या मागचाही. अख्खी रांग निघून गेली तरी त्याचा हात तसाच पुढे होता.

मी पुढची फीत उघडली. मग आणखी एक. बेकरीवाल्या आजीचा विधी, गायकवृंदातल्या मुलीचा, टॅक्सी संघटनेच्या अध्यक्षाचा. ताफोत कुणीही मरो, आसारे मागच्या रांगेत हजर, तेच जॅकेट, तोच पुढे केलेला हात. हे पुसून टाकावं, म्हातारीला लग्न आणि शाळाच दाखवावी, असं ठरवून मी माऊसकडे हात नेला.

“थांब,” एनो म्हणाली.

ती माझ्या मागे उभी होती. कधीची, कोण जाणे.

“एनो, यंत्र चुकतं कधी कधी...”

“ते जॅकेट मी घेतलंय त्याला. बाजारातून. समुद्रावर फार गार असतं म्हणत होता.” ती पडद्याजवळ गेली. “भिजलाय रे तो.”

ती नुसती बघत राहिली. रांग आली, रांग गेली.

“त्याचा हात कुणीच का धरत नाही, बोआहेन?”

“आम्हाला दिसत नव्हता, एनो... मीच काढलीय ही फीत. मला नाही दिसला.”

मग ती जमिनीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. असं रडणं मी एवढ्या विधींत उभा राहूनही कधी ऐकलं नव्हतं. “मी म्हणत होते तो जिवंत आहे,” ती म्हणत होती. “आणि माझं लेकरू लोकांच्या मांडवात जाऊन बसतंय. परक्यासारखं. मी त्याचा मांडव घातला नाही म्हणून.” मीही रडलो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

संध्याकाळी तिनं भावाला फोन केला. एवढंच म्हणाली, “अमोआको, मांडव सांग.”

वोफाला थाटच हवा होता. त्यानं एवढ्या खुर्च्या मागवल्या, की मागच्या रांगा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या आणि खुर्चीवाला कुरकुरत बसला. पेटीत ठेवायला देह नव्हता. आसारेचे पाने-पक्कड, त्याचं सणाचं वस्त्र आणि गॅरेजातल्या सोबत्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या. अफ्राकोमा आली होती. कॅमेरा मीच धरला. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला माझा जीव धजेना.

एनो लाल वस्त्र नेसून पुढच्या ओळीत बसली होती. सगळा गाव येऊन तिचा हात धरून गेला. रांग संपली. मी कॅमेरा खाली घेणार तोच तिनं पुन्हा हात पुढे केला. समोर कुणी नव्हतं. तिची बोटं मिटली आणि कितीतरी वेळ तशीच मिटलेली राहिली. वोफानं काही विचारायला तोंड उघडलं, पण अफ्राकोमानं त्याला दटावलं. नंतर मी एनोला उठायला हात दिला, तेव्हा तिचा तळवा बर्फासारखा गार आणि ओला होता. चेहरा मात्र शांत होता.

ती फीत डब्यात भरल्यावर यंत्रानं पुन्हा सगळं पालथं घातलं. दान्सो मास्तरांच्या विधीत टोकाची खुर्ची रिकामी होती. बेकरीवाल्या आजीच्याही. आसारे आता फक्त बारशात होता, मैदानात होता, लग्नात नाचत होता. मी एनोला दाखवलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि जेवायला वाढलं. इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला हवी ती सोय आनंदानं चालू करून दिली असती.

जेवताना आसारेच्या विधीची फीत टीव्हीवर चालू होती. अफ्राकोमा घास हातात धरून थांबली.

“दादा, मागे ही मुलं कोण बसलीयत?”

खुर्चीवाल्याच्या त्या रिकाम्या रांगा भरल्या होत्या. सगळी तरणी पोरं. जाड जॅकेटं, टोप्या, पायांत बूट नाहीत. सगळ्यांनी हात पुढे केलेले.

अफ्राकोमानं टीव्ही बंद केला. एनोनं तो पुन्हा चालू केला.

“त्याच्या बोटीतली असतील,” ती म्हणाली. “किंवा दुसऱ्या बोटींतली. यांच्या आयांना कळायला हवं.”

“आई, घरातलं घरात राहू दे...”

“घरात राहिलं म्हणून तर चार वर्षं भिजला तो.”

मग मी त्या डब्याला बाहेरच्यांसाठी दार करून दिलं. ज्यांची पोरं त्या वाटेनं गेली अशा बायकांचा चर्चमध्ये प्रार्थनेचा गट होता. आधी त्यांना, मग त्यांच्या ओळखीच्यांना. ज्या त्या बाईनं आपल्या घरी, आपल्या फोनवर ती फीत बघायची. एनो दुपारभर फोनपाशी बसायची. फोन यायचे. तिसऱ्या रांगेतला, डाव्या भुवईवर व्रण असलेला, तो माझा. मागे खांबाला टेकलेले दोघे, ते आमचे. एनो त्यांच्याबरोबर रडायची आणि शेवटी सांगायची, “मांडव घाल बाई. त्याला घरी बोलाव.” बायका मांडव घालायच्या. आणि त्या त्या पोराची खुर्ची फितीत रिकामी व्हायची. आम्ही बघायचो. भीती वाटायची, पण चांगलं काही होतंय असंही वाटायचं.

एका दुपारी तेचिमानहून एका बाईचा फोन आला. एनोनं सवयीनं विचारलं, “कोणता गं तुझा?”

“शेवटच्या रांगेतला. पिवळी टोपी.” बाईचा आवाज अगदी बारीक येत होता. “पण एनो... माझा बाफोर आज सकाळीच बोलला माझ्याशी. वाळवंटाच्या तोंडाशी, आगादेझमध्ये आहे. उद्या गाडी निघणार म्हणाला.”

एनो ताडकन उठली. त्या वयात इतक्या चपळाईनं उठलेलं मी तिला पाहिलं नव्हतं. “ठेव फोन. त्याला लाव. म्हणावं तुझी आई मरायला टेकलीय, वाटेल ते सांग, पण त्याला त्या गाडीत चढू देऊ नकोस!”

पोरगा चढला नाही. आठवड्याभरात तो परत आला. आता तेचिमानच्या बाजारात रताळी उतरवतो, त्याचं लग्नही ठरलंय. मी स्वतः जाऊन त्याला भेटून आलो, हातात हात घेतला, चांगला ऊबदार होता.

परत आल्यावर मी एनोच्या घरी जाऊन फीत उघडली. आजूबाजूच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. पिवळी टोपी मात्र शेवटच्या रांगेत, हात पुढे करून, अजून बसलेली होती. तेव्हापासून मी यंत्राला कुणाचाच चेहरा शोधू देत नाही; जिवंत माणूसही कुठल्या रांगेत सापडेल याचा नेम नाही.