आलं का?

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण ही आमच्या शेजारच्या डेलाची गोष्ट आहे आणि यातलं एक अक्षरही पदरचं नाही. आमच्या केटा गावच्या किनाऱ्यावर, गेल्या ऑगस्टात, भर दुपारी घडलेली.

तिचा एकुलता एक मुलगा एलिकेम मासेमारीच्या होडीवर गेला होता. होडी फुटली. वाचलेल्यांना टेमा बंदरात आणलंय, दुपारच्या बातम्यांत दाखवणार आहेत, एवढंच तिला कळलं होतं. एलिकेमचा फोन बंद.

डेलाकडे अँटेनावरचा फुकटातला टीव्ही. पूर्वी पडद्यावर कितीही मुंग्या आल्या तरी चेहरा ओळखू यायचा. या डिजिटलचं तसं नाही. दिसलं तर लख्ख, नाहीतर नुसता निळा पडदा.

बाहेर डेला अँटेनाचा बांबू फिरवत होती. आत तिची सासू आकू टीव्हीसमोर बसली होती.

"आलं का?"

"नाही गं! मघाशी चौकोन चौकोन दिसले, तेही गेले!"

"आता?"

"नाही! नीट फिरव की, हातात जीव नाही का?"

"तुम्ही आधी डोळे उघडे ठेवा!"

बातम्या सुरू झाल्या असणार. डेला पुटपुटत होती. देवा, एकदाच त्याचं तोंड दिसू दे.

तिने बांबू समुद्राकडे वळवला.

"आलं का?"

आतून काहीच नाही...

लाटांचा आवाजही थांबला...

"थांब. हात सोडू नकोस."

पुरुषाचा आवाज.

घरात पुरुष नव्हता. आत बसून असे हुकूम सोडायचा तो तिचा नवरा, सेन्यो. दोन वर्षांपूर्वी समुद्रावर गेला, तो परत आलाच नव्हता.

पण घाबरायला तिला सवड कुठे होती? बांबू छातीशी घट्ट धरून ती ओरडली, "माझा एलिकेम दिसतोय का? अहो, सांगा ना!"

तिने बांबू तसूभरही हलू दिला नाही.

"आला."

डेला रडत, हसत आत धावली.

पडदा निळाच होता. सेन्योची रिकामी खुर्ची ओलीचिंब. खाली पाण्याचं थारोळं, त्याला समुद्राचा वास. आकू भिंतीला पाठ लावून खुर्चीकडे बघत होती.

"दिसला ना, आई? ते 'आलं' म्हणाले ना?"

"'आलं' नाही गं पोरी..." सासूने ओल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "'आला' म्हणाला."

वाचलेल्यांत एलिकेम नव्हता.

डेला अजूनही दुपारी बांबू धरून उभी राहते. तिची हाक ऐकली की आम्ही धावतो आणि आतून उत्तर यायच्या आत तिला ओढून आणतो.

परवा आम्हाला उशीर झाला.

आतून दोन आवाज आले.