पाऊस नसताना भरलेला ड्रम

पोळा आटोपला आणि पावसानं अशी दडी मारली, की हुडकेश्वरच्या वाटेवरच्या त्या वस्तीत पुन्हा धूळ उडायला लागली. पण गोपिकाचा ड्रम मात्र काठोकाठ! छपराच्या टिनावरचं पाणी पन्हाळीतून त्या ड्रमात उतरायचं आणि ती रोज संध्याकाळी ते बादलीनं गुलाबांना घालायची. आता आभाळ कोरडं ठणठणीत, तरी सकाळी ड्रम भरलेला.

"देवाची कृपा," असं म्हणून तिचे वडील, बाबाराव, पेपरात डोकं घालायचे. त्यांना घाई दुसरीच होती. मौदा गावची मंडळी रविवारी गोपिकाला बघायला येऊ म्हणत होती. त्यांना बोलवायचं की नाही, हे तिनं सांगायचं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. नाही म्हणायला कारण सापडेना... आणि हो म्हणायला जीभ उचलेना. त्यात गुलाबांची पानं कडांनी करपायला लागली. पाणी भरपूर, तरी झाडं वाळताहेत! बिचारीचं डोकं चक्रावून गेलं.

एका पहाटे झोप मोडली म्हणून ती परसात आली आणि जागीच थबकली. ड्रमाशी दोन बादल्या घेऊन एक तरुण उभा! शेजारच्या यमुताईंकडे खोली घेऊन राहणारा, तारघरात नोकरीला असलेला चंद्रभान. पायजमा घोट्यापर्यंत ओला.

"काय करून राहिले तुम्ही?"

त्याच्या हातातली बादली निसटली. "मी... पाणी..."

"चोरून राहिले?"

"नाही जी! टाकून राहिलो."

गोपिकानं ड्रमातलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. यमुताईंच्या विहिरीचं. खारं!

"माझे गुलाब मारून राहिले तुम्ही! पावसाचं गोडं पाणी जपून ठेवलं होतं मी. काहून टाकलं हे?"

चंद्रभानचा चेहरा पार उतरला. "झाडाले बाधते, हे मले माहीत नव्हतं जी. मले वाटलं, पाणी म्हणजे पाणी."

"पण टाकलं काहून?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. कान लाल झाले.

"ड्रम सरला, तर तुम्ही संध्याकाळी बाहेर येणार नाही... म्हणून."

समोरच्या खिडकीत हा रोज पुस्तक घेऊन बसतो, हे गोपिकानंही पाहिलं होतं. पान कधी उलटत नाही, हेसुद्धा. आता रागवावं की हसावं? गुलाबांसाठी रडू येत होतं आणि आत कुठेतरी भलताच आनंद होत होता.

"उपडा करा हा ड्रम," ती कशीबशी म्हणाली.

त्याला एकट्याला ढकलवेना, म्हणून तिनंही हात लावला. बोटाला बोट लागलं... आणि दोघांनीही हात काढला नाही. पाणी भसाभस नालीत गेलं.

"आता पाऊस येईपर्यंत तुम्ही...?"

"मले काय माहीत!" म्हणत ती घरात पळाली.

सकाळच्या चहाच्या वेळी बाबारावांनी पुन्हा विचारलं, "मौद्याच्या लोकांले बोलावू ना?"

"नका बोलावू, बाबा."

"काहून वं?"

"मलेच नाही समजून राहिलं. पण नका."

संध्याकाळी झाडांना घालायला थेंबभर पाणी नव्हतं. गोपिका तरी परसात आली, तीही रिकाम्या हातांनी. चंद्रभान कुंपणापाशी आला.

"पाणी तर नाही... मग?"

"मौद्याचे लोक मले बघाले येणार होते." ती पानांकडे बघत म्हणाली. "मी नाही म्हणून सांगितलं. बाबा सकाळपासून विचारून राहिले, काहून म्हणून."

"मग काय सांगितलं तुम्ही?"

"मी काय सांगू?" आता तिनं मान वर केली. "तुम्ही येऊन सांगा."

चंद्रभान उलट्यासुलट्या चपला चढवून तिच्या फाटकाकडे निघाला.